सगळ्याच जंगलवाटांवर डांबर नको

सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीचा कच्चा रस्ता डांबरी होतो तेव्हा तिथे पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. एसटी येऊ लागते, दूध वेळेवर डेअरीत पोचते, बाळंतिणीला झोळीत घालून डोंगर उतरावा लागत नाही. माझे म्हणणे त्या रस्त्यांबद्दल नाही. घाटमाथ्यावर आणि तिथून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या डोंगररांगांवर असेही कच्चे रस्ते आहेत की ज्यांच्या टोकाला वस्तीच नाही. काही वनखात्याने लाकूड वाहून नेण्यासाठी काढलेले, काही जाळरेषेच्या कडेने जाणारे, काही १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामांवर मुरूम टाकून तयार झालेले. नवा डांबरी रस्ता दुसऱ्या अंगाने गेला म्हणून मागे पडलेल्या गाडीवाटाही त्यांत आहेत. त्यांच्यावरून गुराखी जातात, वनरक्षक जातात, हिरडा आणि मध गोळा करणारी माणसे जातात आणि अलीकडे रुंद टायरच्या सायकली घेऊन काही तरुण-तरुणी जाऊ लागले आहेत. हे रस्ते आहेत तसे मातीचे राखावेत, तशी त्यांची सरकारदरबारी नोंद व्हावी आणि नियम घालून ते सायकलींना खुले करावेत, असे माझे मत आहे.

या सायकलींना ग्रॅव्हल सायकल म्हणतात. दिसायला ती शर्यतीच्या सायकलसारखीच, खाली वळलेल्या हँडलची. पण तिच्यात चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात आणि गिअर इतके हलके असतात की उभ्या चढावर पायडलचा एक फेरा झाला तरी मागचे चाक जेमतेम एक फेरा घेते. टायरमध्ये बहुधा ट्यूब नसते. आत घातलेले पातळ द्रावण काट्याने पडलेले भोक आतून बुजवते, आणि करवंदीच्या मुलखात त्याची किंमत लगेच कळते. हवा डांबरी रस्त्यावरच्या सायकलीच्या निम्म्याहून कमी ठेवतात, म्हणजे टायर खडीवर टणाटण उडत नाही, दबून तिला धरून राहतो. एवढी सोय असूनही जंगलातला डोंगराळ रस्ता माणसाला सहज सोडत नाही. ऐंशी किलोमीटर अंतर आणि अठराशे मीटर चढ असा दिवस डांबरावर चार-पाच तासांत संपतो. तोच मुरमावर आणि जांभ्याच्या लाल खड्यांवर सात-आठ तास घेतो आणि शरीरातला शेवटचा जोर मागतो. चढावर सीटवरून उठून जोर लावावा तर मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते जागीच फिरते. म्हणून बसूनच, अंग पुढे झुकवून, एकसारखा दाब देत वर सरकावे लागते. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी लावायचा असतो. वळणात लावला तर पुढचे चाक भुसभुशीत खडीवरून निसटते. जीपच्या चाकांनी पडलेल्या आडव्या वळ्यांवरून दहा मिनिटे उतरले तरी हाताच्या पंजांना मुंग्या येतात. फेब्रुवारीनंतर ओढे आटलेले असतात, दुकान नसते, मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे पाणी, पंक्चरचे सामान आणि परतीची वेळ यांचा हिशेब निघण्यापूर्वीच करावा लागतो.

हा त्रास दूर करून तीच वाट सुखाची करता येईल, पण मग त्या वाटेवर जाण्याचे कारणच उरणार नाही. गुळगुळीत रस्त्यावर नजर पुढच्या वळणावर आणि मन भलतीकडे असते. खडीवर दर दहा फुटांवर निवड करावी लागते: डावीकडची चाकोरी घ्यावी की मधला गवताचा पट्टा, हा दगड चुकवावा की त्यावरून जावे. इतके लक्ष जमिनीकडे गेले की माणसाला ती जमीन कळायला लागते. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला काळा पाषाण, तो पाणी झिरपू देतो आणि चाकाला धरतो. जांभा सच्छिद्र असतो, त्याचे लाल गोल खडे कोरड्या दिवसांत चाकाखालून घरंगळतात. घाटमाथ्यावरून पूर्वेकडे जाताना पायाखालचा दगड कुठे बदलला, सदाहरित रान कुठे संपले आणि साग कुठे सुरू झाला, हे मोटारीच्या काचेतून दिसत नाही आणि पायी चालणाऱ्याला एका दिवसात तेवढे अंतर कापता येत नाही. सायकल या दोहोंच्या मध्ये बसते. गड पायी चढण्यात काय मिळते हे महाराष्ट्राला समजावून सांगावे लागत नाही. आपल्या तीन-चार पिढ्या त्या वेडावर वाढल्या आहेत. मातीच्या रस्त्यावरची सायकल त्याच घराण्यातली आहे आणि तिलाही तेवढाच मान मिळायला हवा.

मातीचा रस्ता मुद्दाम राखण्याची कल्पना विचित्र वाटत असेल तर इटलीतल्या तोस्काना प्रांताकडे पाहावे. सिएना शहराच्या आसपासचा कियांतीचा प्रदेश टेकड्यांचा आहे. ओक आणि चेस्टनटची राने, मधे द्राक्षमळे, आणि त्यांतून जाणारे पांढऱ्या खडीचे रस्ते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली वाट्याने शेती करण्याची जुनी पद्धत मोडली, कुळे शहरांकडे गेली, वाड्या ओस पडल्या आणि त्या वाड्यांना जोडणारे रस्ते तसेच पडून राहिले. पुढे समृद्धी आली, तसे डांबरही येऊ लागले. हे रस्ते एकेक करून नाहीसे होणार हे ओळखून जांकार्लो ब्रोची यांनी १९९७ साली गायोले इन कियांती या छोट्या गावातून ‘लेरोइका’ नावाची सायकलयात्रा सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले. जुन्या पोलादी सायकली, जुन्या पद्धतीचे लोकरी कपडे, वाटेत गावचे जेवण आणि मोठ्या मार्गावर दोनशेहून अधिक किलोमीटर, असे तिचे स्वरूप होते. रस्ते वाचवणे हा उद्देश पहिल्यापासून उघडपणे सांगितलेला होता. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढरे रस्ते, हेच तिचे आजचे नाव. सिएनाच्या मध्यवर्ती चौकात संपणारी ही शर्यत आज युरोपातल्या सर्वांत मानाच्या एकदिवसीय शर्यतींत गणली जाते. २०१५ पासून स्त्रियांचीही होते. तीन वेळा ती जिंकणाऱ्या फाबियान कान्सेलारा यांचे नाव तिथल्या एका खडीच्या टप्प्याला दिले आहे. ज्या रस्त्यांना मागासलेपणाची खूण समजले जात होते, तेच रस्ते पाहायला आणि त्यांवर दमायला आता जगभरातून लोक येतात. लेरोइकाचा मार्ग कायमच्या पाट्या लावून खुणावलेला आहे, त्यामुळे वर्षभर कोणीही आपला आपण तो करू शकतो.

इथे योगायोगापेक्षा कार्यकारणभाव अधिक आहे. रस्ता वाचला कारण त्याला नवा उपयोग मिळाला, आणि उपयोग मिळाला कारण कोणीतरी वेळेवर ‘हा असाच राहू द्या’ असे म्हटले. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या छोट्या शहरात २००६ साली ३४ जणांनी फ्लिंट हिल्सच्या खडीवरून दोनशे मैलांची शर्यत केली. आज तिथे दरवर्षी हजारो सायकलस्वार येतात. तो मुलूख जंगलाचा नाही, गवताळ टेकड्यांचा आहे, आणि जमिनीत चकमकीचे दगड इतके की नांगर चालत नाही. तिथल्या या खडीच्या रस्त्यांनी त्या गावाची ओळखच बदलून टाकली. २०२२ पासून तर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ खडीवरची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवतो.

आपल्याकडे सायकलीचा विचार मात्र अजून डांबरातच अडकला आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. तिच्यासाठी ४३७ किलोमीटरचा मार्ग आखला गेला आणि रस्त्यांचे पृष्ठभाग नव्याने करण्यात आले. शर्यत होणे ही आनंदाचीच गोष्ट, आणि त्या निमित्ताने खड्डे बुजले तेही बरे झाले. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, भोरपासून जुन्नरपर्यंत, सायकलीसाठी डांबर लागत नाही असा मुलूख पसरलेला आहे आणि त्याचा विचार कोणाच्या आराखड्यात नाही. मातीचा रस्ता फुकट टिकतो असेही नाही. त्याला मधे उंचवटा हवा, दोन्ही अंगांना चर हवेत, ओढ्यांवर मोऱ्या हव्यात आणि दर पावसाळ्यानंतर वाहून गेलेला मुरूम पुन्हा टाकून दाबायला हवा. पाण्याला बाजूची वाट दिली नाही तर ते रस्त्यालाच ओढा करते. मात्र ही कामे स्थानिक हातांनी, स्थानिक मालाने होतात आणि दरवर्षी होतात. रोजगार हमीचा कायदा देशाआधी करणाऱ्या राज्याला हे काम नवीन नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप गावकऱ्यांच्या बाजूने येतो. शहरातून सुटीच्या दिवशी सायकल घेऊन येणाऱ्यांनी इथले रस्ते कच्चे ठेवा म्हणायचे, आणि वर्षभर चिखल तुडवायचा तो आम्ही, हा न्याय कुठला? हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा सपाट भागात ५०० आणि डोंगरी राज्ये, वाळवंटी व आदिवासी क्षेत्रांत २५० लोकवस्ती असा निकष होता. सह्याद्रीतले धनगरवाडे, कातकरी आणि ठाकर वाड्या अनेकदा त्याहून लहान आहेत. आजही आजारी माणसाला डोलीतून खाली आणल्याच्या बातम्या येतात. म्हणून कसोटी कडक हवी आणि ती गावाने लावायला हवी. या रस्त्याने कोणाला शाळा, दवाखाना किंवा बाजार गाठायचा असतो का? शेतातला माल याच वाटेने बाहेर पडतो का? उत्तर ‘हो’ असेल तर तो रस्ता पक्का झाला पाहिजे आणि सायकलस्वारांनी त्या मागणीत गावाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. शेतातल्या पाणंद रस्त्यांनाही हेच लागू. उत्तर ‘नाही’ असेल, दोन्ही टोकांची गावे आधीच पक्क्या रस्त्याने जोडलेली असतील आणि मधली दहा-पंधरा किलोमीटर फक्त रान असेल, तर तिथे डांबर घातल्याने गावाला काय मिळते याचाही तेवढाच कडक विचार व्हावा. रानातून आरपार जाणारा पक्का रस्ता शनिवार-रविवारची मोटारींची रांग आणतो, कडेच्या जमिनींना गिऱ्हाईक आणतो, आणि विकलेली जमीन परत येत नाही. सायकलस्वार मात्र मोटारीच्या वेगाने निघून जाऊ शकत नाही. तो दमतो, त्याला भूक लागते, पिठलं-भाकरी आणि ताक लागते, संध्याकाळ झाली तर मुक्काम लागतो. एका मोटारीतले चार जण घाटातून न थांबता उतरून जातात. चार सायकलस्वारांना थांबावेच लागते.

दुसरा आक्षेप वन्यजीवांच्या अभ्यासकांचा आहे आणि तोही हलका नाही. सायकल आवाज करत नाही, म्हणजे निरुपद्रवी, असे मानणे चुकीचे आहे. २०१६ साली अमेरिकेत माँटाना राज्यात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानालगतच्या जंगलात उतारावरून वेगाने जाणारा एक सायकलस्वार अस्वलावर आदळला आणि त्या अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. आवाज नाही आणि वेग मात्र आहे, हे मिश्रण जनावराला सावध व्हायला वेळच देत नाही. आपल्याकडे गवा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे, आणि आडवळणावर अचानक समोर आलेला गवा हा थरार म्हणून सांगायचा विषय नव्हे. म्हणून या कामाची सुरुवात अभयारण्यांतून आणि व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातून होता कामा नये. दाजीपूर, कोयना, चांदोली यांना हात लावू नये. प्रादेशिक वनविभागातले आणि गावांच्या सामूहिक हक्काच्या वनांतले रस्ते आधी घ्यावेत. सूर्योदयानंतर एक तास ते सूर्यास्तापूर्वी एक तास एवढीच वेळ, उतारावर वेगमर्यादा, आंधळ्या वळणावर घंटा, आणि जून ते सप्टेंबर पूर्ण बंद. पावसाळी बंदीची कारणे दोन आहेत. ओल्या मातीत टायरची चाकोरी पडली की तिच्यातूनच पाणी धावते आणि रस्ता चिरत जातो. शिवाय त्याच दिवसांत बेडूक, साप आणि खेकडे रस्त्यावर येतात, आणि सायकलीखालीही ते चिरडले जातातच.

मात्र याच अभ्यासकांना मी उलटही विचारेन की पर्याय कोणता आहे? कच्चा रस्ता फार काळ कच्चा राहत नाही. त्याला कोणी राखणारा नसेल तर कधी ना कधी तो रुंद होतो, डांबरी होतो आणि रात्रंदिवस वाहता होतो. शेकरू जमिनीवर क्वचित उतरते, एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. अरुंद मातीच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींत गुंततात, तो रुंद केला की ती वरची वाट तुटते. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली ज्या प्राण्यासाठी जाहीर झाले, त्याच्यासाठी रस्त्याची रुंदी हा जगण्याचा प्रश्न आहे. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून रस्ता उचलून खालून मार्ग ठेवावे लागले. ते कामी आले हे चांगलेच, पण प्रत्येक घाटरस्त्यावर तेवढा खर्च कोणी करणार नाही. सायकल आणि संरक्षित वन एकत्र नांदू शकतात याचे पुरावेही आपल्याच देशात आहेत. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पर्यटक सायकलने आणि सायकलरिक्षाने फिरतात. मुंबईच्या संजय गांधी उद्यानात, बिबट्यांच्या रानात, सायकली भाड्याने मिळतात. ते रस्ते सपाट किंवा पक्के आहेत, डोंगरातल्या खडीशी त्यांची पूर्ण बरोबरी होत नाही हे मान्य. पण वनखाते सायकलीचे व्यवस्थापन करू शकते एवढे त्यातून नक्की दिसते.

हा पैसेवाल्यांचा छंद आहे, असेही म्हणतात. लाखभर रुपयांच्या सायकली दिसतात, त्यामुळे तसे वाटणे साहजिक आहे. पण या रस्त्यांवरून दूधवाले, पोस्टमन आणि शिक्षक साध्या काळ्या सायकलींवर वर्षानुवर्षे जात आले आहेत, आणि पोलादी चौकट, रुंद टायर, चांगले ब्रेक एवढ्यावर आजही हा दिवस पुरा करता येतो. वाट खुली असेल तर गावातली मुलेच तिच्यावर सर्वांत पुढे जातील. डोंगरात वाढलेल्या पायांना चढ शिकवावा लागत नाही. गर्दीच्या भीतीला काय उत्तर द्यायचे हे कास पठाराने दाखवले आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा मिळाला तेव्हा त्यातल्या ३९ ठिकाणांत कास होते, आणि फुलांच्या हंगामात लोकांचा लोंढा आला. तिथे आसपासच्या गावांच्या समितीमार्फत शुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला ३००० जणांची मर्यादा ही पद्धत बसवली गेली. उणिवा असतील, पण पद्धत आहे. जंगलातल्या सायकलवाटेला दिवसाला पन्नास जणही पुरेत.

कायद्याची सध्याची स्थिती मात्र कोणाच्याच सोयीची नाही. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे, आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे परवाना लागतो. प्रत्यक्षात सायकलस्वाराला कुठे जाता येईल हे त्या दिवशी नाक्यावर कोण भेटतो यावर ठरते. वनरक्षकालाही अडवावे की सोडावे हे कळत नाही. स्कॉटलंडने २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जंगलातून पायी, घोड्यावर आणि सायकलने जाण्याचा हक्क दिला आणि त्याच कायद्यात जबाबदारीने वागण्याची अट घातली. आपली लोकसंख्या आणि आपली वने पाहता तेवढा सरसकट हक्क इथे योग्य नाही. इथे गावाच्या हाती किल्ली हवी. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनांचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे येऊ शकते, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळवून तो नीट वापरून दाखवला आहे. सायकलवाटेचा परवाना ग्रामसभेने द्यावा, शुल्क तिच्याकडेच जमा व्हावे, त्यातून मोऱ्या आणि चर दुरुस्त व्हावेत, आणि गैरवर्तन झाले तर वाट बंद करण्याचा अधिकारही तिचाच असावा.

शासनाकडे मागणी मोठी नाही. घाटमाथ्यावरच्या एखाद्या तालुक्यात महसूल, वन आणि बांधकाम विभागांनी मिळून वस्तीला न जाणाऱ्या कच्च्या रस्त्यांची यादी करावी, ती ग्रामसभांपुढे ठेवावी, आणि ज्यांना गावे होकार देतील ते रस्ते रुंदीकरण व डांबरीकरणाच्या आराखड्यांतून वगळून ऑक्टोबर ते मे सायकलींना खुले करावेत. तीन हंगाम नोंदी ठेवाव्यात: किती जण आले, गावात किती पैसा राहिला, रस्ता किती झिजला, कोणती जनावरे दिसेनाशी झाली. आकडे विरोधात गेले तर वाट बंद करावी. आणि सायकलस्वारांनो, परवानगी मिळण्याची वाट पाहत असतानाही गुरे समोर आली तर उतरून उभे राहा, कचरा परत न्या, जेवण गावात घ्या आणि ज्या वाडीला अजून रस्ता नाही तिच्या अर्जावर आपली सही करा.